उभ्या गाडीतले तास

भिवंडीजवळच्या माणकोलीहून अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीत माल आणायचा तर अंतर तसं फार नाही. पहाटे रस्ता मोकळा असेल तर सव्वा तासाची वाट. हीच फेरी ट्रकवाल्याच्या घड्याळाने पाहू. दुपारी तीनला गाडी भरून होते. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात पडून ई-वे बिल निघेपर्यंत साडेचार वाजतात. पाचला मुंबईत जड वाहनांना बंदी सुरू होते, ती रात्री नऊपर्यंत. म्हणून गाडी मुलुंडच्या नाक्याअलीकडे कडेला लागते. नऊनंतर आत शिरून साडेदहाला मरोळ गाठलं, तर गोदामाला कुलूप. रात्र केबिनमध्ये जाते. सकाळी दहाला शटर वर होतं, पण पुढे आधीच दोन गाड्या उभ्या असतात आणि हमाल पहिल्यांदा त्या खाली करतात. आपली गाडी रिकामी होईपर्यंत दुपारचे अडीच. साकीनाक्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात परतीच्या भाड्याची चौकशी करेस्तोवर पाच वाजतात आणि बंदी पुन्हा लागते. रात्री दहाला गाडी शहराबाहेर पडते. एकतीस तास गेले. त्यातले स्टिअरिंगवर जेमतेम चार.

ही फेरी नमुन्यादाखल मांडली असली तरी मुंबईच्या उपनगरांत माल आणणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. ट्रकचालकांच्या कामाच्या वेळांची चर्चा होते तेव्हा ती बहुधा रात्र रात्र गाडी चालवण्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तो प्रश्न खोटा नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये मुंबईसह दहा शहरांतल्या चालकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात चालक दिवसाला सरासरी बारा तासांच्या घरात गाडी चालवतात असं दिसलं. जवळपास निम्म्यांनी थकवा आला, झोप आली तरी गाडी चालवत राहतो असं सांगितलं. ८४ टक्के चालक म्हणाले की हा धंदा घरातल्या कोणाला करायला सांगणार नाही. पण चालकाला घरापासून तोडणारे तास नीट मोजले तर त्यातला फार मोठा वाटा गाडी चालण्याचा निघत नाही. तो गाडी उभी राहण्याचा निघतो. या तासांना पगार नाही, त्यांची नोंद नाही आणि कायद्याच्या हिशेबातही ते पुरते येत नाहीत.

कायदा जुना आणि कागदावर चांगला होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले. लांब पल्ल्यासाठी दहा आणि ५४ पर्यंत मुभा ठेवली. पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, दोन दिवसांच्या कामात सलग नऊ तासांचं अंतर, आठवड्याची सुट्टी, वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा आणि जादा कामाला दुप्पट दर, हे सगळं त्यात होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ सुद्धा चालकाच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवतं.

खोच ‘कामाचे तास’ कशाला म्हणायचं यात आहे. गाडी चालत असतानाचं काम धरलं, त्याला जोडून येणारी कामं धरली आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळही धरला. मात्र हा हजेरीचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच! बससाठी ही व्याख्या समजू शकते. डेपोत दोन फेऱ्यांच्या मधे पाऊण तास मिळाला तर चालक चहा पिऊन, पाठ टेकून येतो. ट्रकचालक गोदामाच्या दारात सहा तास उभा असतो तेव्हा तो कुठेही जाऊ शकत नाही. रांग पुढे सरकली की गाडी पुढे घ्यायची असते, ताडपत्री सोडायची असते, नग मोजून घ्यायचे असतात. हा वेळ विश्रांतीचा धरणं म्हणजे माणसावर अन्याय आहे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेने १९६१ चा कायदा आपल्यात सामावून घेतला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पंधरा मिनिटांची ही व्याख्या तिथेही तशीच आली आहे. शिवाय जुना कायदा पाच कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होत असे. नव्या संहितेने हा उंबरठा दहावर नेला. आपल्याकडचे बहुतेक ट्रकमालक एक-दोन ते पाच गाड्यांचे धनी आहेत. म्हणजे ज्यांच्या चालकांना संरक्षणाची जास्त गरज, तेच पुन्हा बाहेर राहिले.

याच १९६१ च्या कायद्याखाली एसटी आणि बेस्टही चालत आली आहे, आणि तिथला फरक बघण्यासारखा आहे. एसटीच्या आगारात ड्युटीचा तक्ता लागतो. मुक्कामी गाडी कोणाकडे, साप्ताहिक सुट्टी कोणाची, हे आधी ठरतं. एसटी कामगारांच्या तक्रारी थोड्या नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तो उगाच नव्हे. तरीही एसटीचा चालक उद्या कुठे असेल हे त्याच्या बायकोला माहीत असतं. ट्रकचालकाच्या घरी हे कोणीच सांगू शकत नाही. खुद्द चालकालाही परतीचं भाडं ठरल्यावरच कळतं.

मुंबईच्या उपनगरांत हा उभं राहण्याचा वेळ वाढत कसा गेला, याला इतिहास आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबई महापालिकेची जकात बंद झाली. त्याआधी दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द इथल्या नाक्यांवर कागद तपासून, जकात भरून गाडी आत येईपर्यंत तासन्‌तास जात. जकात गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ट्रकवाल्याचे हाल संपले. वेळ वाचला हे खरं. पण वाचलेला वेळ चालकाच्या पदरात पडला नाही. मालासोबत न्यायचं ई-वे बिल आलं. २०२१ च्या १ जानेवारीपासून त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी झाली. त्याआधी दर १०० किलोमीटरला एक दिवस मिळत होता. मुदत टळली तर माल अडकण्याची, दंड बसण्याची भीती. म्हणजे नाक्यावरचा सक्तीचा खोळंबा गेला आणि रस्त्यावरची घाई वाढली. दारातली रांग मात्र होती तिथेच राहिली.

दुसरा बदल जमिनीचा. लाल बहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एके काळी कारखान्यांची ओळ होती. कारखाना म्हटलं की आत अंगण असे, वजनकाटा असे, गाडी लावायला जागा असे, नळ आणि संडास असे. कारखाने गेले, तिथे मॉल आणि टॉवर आले. टॉवरलाही सिमेंट, फरशी, लिफ्टचे भाग लागतात आणि मॉलला रोजचा माल लागतो. गाडी उभी करायची जागा मात्र नकाशातून पुसली गेली. वडाळ्याला ट्रक टर्मिनलसाठी जमीन राखली होती. तिच्यातला मोठा तुकडा २०१० मध्ये एमएमआरडीएने लिलावात ४,०५३ कोटी रुपयांना गृहप्रकल्पासाठी दिला. आज पूर्व द्रुतगती मार्गाच्या सर्व्हिस रोडवर विक्रोळी, कांजूर, भांडुपच्या पट्ट्यात ज्या गाड्या ओळीने लागलेल्या दिसतात त्यांच्याकडे रहिवासी चिडून पाहतात. रहिवाशांचा त्रास खरा आहे. त्या गाड्यांना जायला दुसरी जागा नाही, हेही तितकंच खरं आहे. वर ई-चलान आलंच.

तिसरी गोष्ट बंदीच्या वेळांची. २०२५ मध्ये नव्याने ठरलेल्या वेळांनुसार उपनगरांत सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ जड वाहनं चालवता येत नाहीत. दक्षिण मुंबईत तर सकाळी ७ ते मध्यरात्रीपर्यंत मज्जाव. दूध, भाजी, पाणी, इंधन अशा जीवनावश्यक मालाला सूट आहे. शाळा-ऑफिसच्या वेळी रस्ते मोकळे ठेवण्यात चूक काही नाही. अपघात कमी व्हावेत ही भावना रास्तच आहे. पण पोलीस म्हणतात रात्री या आणि गोदामवाले म्हणतात दिवसा या. या दोन वेळांचा मेळ घालायची जबाबदारी कोणी घेतलेली नाही, म्हणून ती चालकाच्या झोपेतून वसूल होते. गोदाम रात्री उघडं ठेवायचं तर हमालांची रात्रपाळी हवी, सुपरवायझर हवा, विजेचं बिल वाढतं. त्यापेक्षा चालकाला थांबवून ठेवणं स्वस्त पडतं, कारण त्याच्या थांबण्याला किंमतच लावलेली नाही.

पगार कसा मिळतो हे पाहिलं की हे लगेच ध्यानात येतं. बहुतेक चालकांना थोडा पगार आणि फेरीमागे भत्ता मिळतो. काहींचं सगळं फेरीवरच असतं. निघताना अ‍ॅडव्हान्स हातात येतो. त्यातून जेवण, पंक्चर, पार्किंग आणि कित्येकदा वाराईसुद्धा (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) भागवायची. महिन्यात जितक्या फेऱ्या तितकी कमाई. गाडी चार दिवस अडकली की मालकाचा हप्ता अडकतो आणि चालकाचा भत्ता बुडतो. मग पुढच्या फेरीत ती कसर भरून काढण्यासाठी तो रात्रभर गाडी ओढतो. झोपेतल्या अपघातांचं मूळ इथे शोधलं पाहिजे. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. अहवालात बहुतेक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात पडतात. त्या वेगामागे किती जणांचा आदल्या दिवशीचा किती वेळ कुठल्या दारात गेला होता, हे विचारणारा रकाना अपघाताच्या नोंदीत नाही.

घरी जाणं ही या धंद्यात रजा नसते, ती सवड असते. लांबच्या लाईनवरचा चालक गावाकडच्या दिशेचं भाडं मिळण्याची वाट पाहतो. सातारा, सांगली, नगर, बीडकडचा माणूस असेल तर त्या बाजूचा माल मिळाला की जाता जाता एक रात्र घरी. गाडी फाट्यावर लावायची, आंघोळ करायची, ताटावर बसायचं, मुलांच्या वह्या बघायच्या आणि पहाटे निघायचं. सलग सुट्टी म्हणाल तर चैत्र-वैशाखातल्या गावच्या जत्रेला. तेव्हा बदली ड्रायव्हर शोधून द्यायची जबाबदारीही पुष्कळदा त्याच्यावरच येते. बदलीवाला मालकाला आवडला तर गाडी हातची जाण्याची धास्ती वेगळी. कोकणातल्या चालकाची आणखी एक अडचण. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना दरवर्षी बंदी असते, चाकरमान्यांच्या गाड्यांसाठी. चालकाने आधीच ट्रक मुंबईत लावून एसटीने गाव गाठलं तर ठीक. माल खाली व्हायला दोन दिवस उशीर झाला, तर गणपती त्याच्याशिवाय बसतो.

या माणसाचं घर एरवी केबिनमध्ये असतं. सीटमागे दीड हाताची फळी, तिच्यावर घडी केलेली चादर. पायाशी पाण्याचा कॅन, स्टोव्ह, एक पातेलं, मिठा-मसाल्याच्या डब्या. समोरच्या काचेवर खंडोबा किंवा साईबाबा. डॅशबोर्डला अडकवलेला मोबाईल, त्यावर रात्री नऊच्या सुमारास घरचा व्हिडिओ कॉल. मुलगा बोलता बोलता कंटाळून उठून जातो आणि चालक रिकाम्या खोलीकडे बघत बायकोशी गॅसच्या नंबरावर, सासूच्या गोळ्यांवर बोलत राहतो. गाडी सोडून तो लांब जाऊ शकत नाही. डिझेल चोरीला जातं, ताडपत्री फाडून माल काढतात. पूर्वी दुसरं माणूस सोबत असे, क्लीनर. आता पुष्कळ गाड्यांवर तो परवडत नाही म्हणून ठेवतच नाहीत. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी ई-चलानविरुद्ध संप केला तेव्हा जड वाहनांवरची क्लीनरची सक्ती काढा ही मागणीही त्यात होती. मालकांचं गणित समजतं. पण क्लीनर गेल्याने चालकाला जागं ठेवणारं, गाडीपाशी थांबून त्याला दोन तास झोपू देणारं माणूस गेलं. क्लीनर म्हणून शिकणाराच पुढे चालक होत असे. चालक मिळत नाहीत अशी ओरड मालक करतात, त्याच्या मुळाशी हेही एक कारण आहे.

सरकारने काही केलंच नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. २०२१ मध्ये नितीन गडकरींनी वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, झोप ओळखणारी यंत्रं गाडीत बसवावीत, असं जाहीरपणे मांडलं. नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे हा नियम २०२५ मध्ये लागू झाला. मे महिन्यात भांडुपच्या सर्व्हिस रोडवर दुपारी उभ्या गाडीत बसून पाहिलेल्या कोणालाही त्याचं मोल सांगायला नको. तेल कंपन्यांनी पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ नावाची विश्रामगृहं उभारली. खाटा, संडास, आंघोळीचा हौद, स्वयंपाकाची सोय. २०२४ च्या २ फेब्रुवारीला पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार इमारतींची घोषणा केली. त्याच्या महिनाभर आधीच देशभरचे चालक रस्त्यावर उतरले होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मधल्या, अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकासाठीच्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध तो उद्रेक होता. मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकर थांबले आणि मुंबईपासून नागपूरपर्यंत पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारीला सरकारने चर्चेविना हे कलम लागू करणार नाही असं सांगितलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम वगळूनच. चालक एकवटले की दिल्ली ऐकते हे तेव्हा दिसलं. त्या एकजुटीत कामाच्या तासांचा प्रश्न पुढे आला असता तर फार बरं झालं असतं.

कारण एसी, खाट, हौद या सगळ्यांनी घराबाहेरचा मुक्काम सुसह्य होतो. घरी पोहोचायचे दिवस त्याने वाढत नाहीत.

युरोपीय संघाने या बाबतीत थेट घराचाच विचार केला आहे. तिथे दिवसाला नऊ तास चालवणं, साडेचार तासांनी पाऊण तासाची सुट्टी, दोन आठवड्यांत नव्वद तासांची मर्यादा हे २००६ च्या नियमावलीत आहे. ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही. २०२० च्या ऑगस्टपासून तर कंपनीनेच असं वेळापत्रक आखायचं की चालक साधारण चार आठवड्यांत एकदा घरी किंवा मूळ ठिकाणी परतेल. जपानने २०२४ च्या एप्रिलपासून चालकांच्या वर्षभराच्या जादा कामाला ९६० तासांची मर्यादा घातली. मग माल पोहोचणार कसा, या चिंतेने तिथे माल पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या कंपन्यांनाच रांगेतला वेळ कमी करायला भाग पाडलं जाऊ लागलं. आपल्या दृष्टीने यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा. आपल्याकडचे वाहतूकदारही ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ असं वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत. त्यातच थांबण्याचा खर्चही घालायला हवा.

भारतात एक धाडसी प्रयोग झाला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिविगो कंपनीने गाड्यांची रिले पद्धत आणली. चालकाने चार-पाच तास गाडी चालवायची, ठरलेल्या थांब्यावर ती दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि उलट दिशेची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी यायचं. गाडी धावत राहते, माणूस घरी झोपतो. या पद्धतीला दोन्ही दिशांना सारखा माल लागतो, दर काही अंतरावर माणसं तयार ठेवावी लागतात. ते महाग पडतं. २०२२ मध्ये तिचा एक्स्प्रेस व्यवसाय जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर कार्यालय असलेल्या महिंद्रा लॉजिस्टिक्सने २२५ कोटी रुपयांना घेतला. तरी माणूस रोज घरी पाठवून लांबची वाहतूक होऊ शकते एवढं त्या प्रयोगाने दाखवलं. ठरलेल्या वेळेचं उदाहरण आपल्या रोजच्या चहातही आहे. कोल्हापूरहून गोकुळचं दूध टँकरने वाशीला येतं आणि पहाटे उपनगरांत घरोघर पोहोचतं. दूध नासतं, म्हणून त्या साखळीत टँकरला दारात ताटकळत ठेवणं कोणालाच परवडत नाही.

छोट्या गाड्यांचं चित्र थोडं निराळं. टाटा एस २००५ मध्ये आली आणि ‘छोटा हत्ती’ नावाने उपनगरांच्या गल्लीबोळांत शिरली. साकीनाका, घाटकोपर, बोरिवलीच्या टेम्पो स्टँडवरचा चालक रात्री घरी जातो. हल्ली भाडं अ‍ॅपवरही मिळतं. कमाई बेभरवशाची आणि हप्ता डोक्यावर, तरी लांबची लाईन सोडून याकडे वळण्याचं एक कारण सरळ आहे: मुलं जागी असताना घरी पोहोचता येतं.

महाराष्ट्राकडे या प्रश्नावर स्वतःचं उत्तर शोधायला लागणारा अनुभव आहे. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने लढून हमालांसाठी मंडळं मिळवली. हमालाचा एक मालक नसतो, तो आज या गाळ्यावर तर उद्या त्या. म्हणून नोंदणी मंडळात, मजुरी मंडळामार्फत आणि वर मालकांकडून लेव्ही, तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठीही अशीच मंडळाची व्यवस्था आली. रिक्षा-टॅक्सी चालकांसाठी राज्याने २०२४ मध्ये कल्याणकारी मंडळ स्थापन केलं. मरोळच्या त्या गोदामाच्या दारातला रक्षक, आतला हमाल, बाहेरचा रिक्षावाला, या तिघांसाठी काही ना काही व्यवस्था आहे. ज्याची गाडी तिथे सकाळपासून उभी आहे, त्याच्यासाठी अशी व्यवस्था अजून झालेली नाही. एक-दोन गाड्यांच्या मालकाला एकट्याने रजा, निधी, बदली चालक देणं जमणारं नाही हे मान्य. मंडळ असेल तर बदली चालक तिथून मिळू शकतो आणि गावी गेलेल्या माणसाची गाडी परत आल्यावर त्याचीच राहते.

व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेच्या अंमलबजावणीत राज्याला नियम करता येतात. त्यात पहिली दुरुस्ती बिल्टीवर व्हावी: गाडी दारात आल्याची वेळ आणि दारातून सुटल्याची वेळ, असे दोन रकाने, खाली माल घेणाऱ्याची सही. ठरावीक तासांपुढे थांबवलं तर दर तासाचं भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं आणि त्यातला वाटा चालकाला पोहोचायचा. पुरावा गोळा करायला नवं काही लागत नाही. टोलनाक्यावर फास्टॅग वेळ टिपतो, ई-वे बिलावर वेळ असते, बऱ्याच गाड्यांत जीपीएस आहे. महामार्गालगतच्या नव्या गोदामांत गाड्यांना स्लॉट देण्याची पद्धत सुरू झालीच आहे. फक्त तिथे उशीर गाडीला झाला तर ती परत पाठवतात आणि उशीर गोदामाला झाला तर चालकाने थांबायचं. हा नियम दोन्ही बाजूंना सारखा लावायचा आहे. मरोळ, साकीनाका, भांडुपमध्ये रात्री नऊ ते एक एवढ्या वेळात जरी काही गाळे आळीपाळीने उघडे राहिले, तरी साडेदहाला पोहोचलेली गाडी मध्यरात्रीनंतर रिकामी होऊन सकाळच्या बंदीआधी बाहेर पडेल, आणि त्या फेरीचे एकतीस तास चौदा-पंधरावर येतील.